डोंबिवलीचा हिरवा तारा

आकाशात हिरवा तारा नाही. एकही नाही. हे वाक्य मला निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या सुरांत ऐकवलं आहे. कुणी समजुतीच्या, कुणी कीव आल्याच्या, आणि बायकोने मेथी निवडता निवडता, मान वर न करता. पण गेल्या हिवाळ्यात काही काळ, निदान आमच्या सोसायटीपुरता, एक हिरवा तारा होता. तो मी शोधला होता. त्याच्यासाठी नारळ आणून झाला होता.

या प्रकरणाच्या मुळाशी माझा मेहुणा आहे. आमच्याकडच्या बऱ्याच प्रकरणांच्या मुळाशी तोच असतो, पण इथे पुरावा आहे. त्याला नवा कॅमेरा घ्यायचा होता, आणि नवा घ्यायचा तर जुन्याला कुणीतरी गिऱ्हाईक पाहिजे. "दाजी, वस्तू घरातच राहील," असं म्हणून त्याने तो माझ्या गळ्यात घातला. "चोवीस मेगापिक्सेल आहे!" मेगापिक्सेल म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं; पण सोन्याच्या बाबतीत चोवीस हा आकडा चांगला मानतात, एवढं ठाऊक होतं. मी पैसे दिले.

मग रीतसर वाचन केलं. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४०००, असे दोन कोटी चाळीस लाख बारीक चौकोन. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घातला, तो १७६ बाय १७६ चौकोनांचा होता. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात पिक्सेल दहा हजार, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. दोन कोटी चाळीस लाखांना दहा हजारांनी भागलं की उत्तर येतं चोवीसशे. म्हणजे हिशेबाने मी चोवीसशे सॅसन होतो. एवढी ताकद गळ्यात असताना बारशी आणि सत्यनारायण यांचे फोटो काढत बसणं मला कमीपणाचं वाटायला लागलं. मी वर बघितलं. वर आकाश होतं.

म्हणजे असावं. डोंबिवलीच्या आकाशातले तारे मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलाही एखादा लुकलुकत मुंबई विमानतळाकडे उतरायला लागतो. म्हणून मी मुंबईकडच्या हौशी आकाशनिरीक्षकांची जुनी वाट धरली : कर्जत लोकल आणि बदलापूरच्या पुढचं वांगणी. जानेवारीतल्या अमावास्येजवळचा शनिवार गाठून रात्रभराच्या एका कार्यक्रमात नाव घातलं आणि संध्याकाळच्या गाडीत चौथ्या सीटवर टेकलो. ट्रायपॉडचे तीन आणि माझे दोन, असे पाच पाय सांभाळत बसणं ही साधी गोष्ट नाही.

समोर एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा त्याच्या आईबरोबर बसला होता. तेही तिकडेच निघाले होते. त्याने विचारलं, "आजोबा, तारे रंगीत का असतात?" आजोबा हा शब्द मी मोठ्या मनाने गिळला आणि ज्ञानदान सुरू केलं. "सोपं आहे. आपल्या गीझरचा नळ असतो ना? लाल खूण गरम, निळी गार. ताऱ्यांचंही तसंच. लाल तारा भयंकर तापलेला, निळा एकदम थंडगार." मुलगा आईकडे बघायला लागला. आई खिडकीबाहेर बघायला लागली. उतरल्यावर समजलं की ती कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि त्या रात्री आम्हाला आकाश दाखवणार होती तीच.

मैदानावर सगळे सतरंज्या पसरून बसले आणि मॅडमनी हिरव्या लेझरच्या काठीने मृग नक्षत्र दाखवलं. हरणाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि खाली डावीकडे तो मारणारा व्याध. "मृगाचा हा एक पाय, काक्षी. इंग्रजीत बीटलजूस. तांबूस दिसतोय? पृष्ठभागाचं तापमान साडेतीन हजार केल्विनच्या आसपास. तिरक्या कोपऱ्यातला हा राजन्य, म्हणजे रायजेल. निळसर पांढरा. बारा हजार केल्विन. आपला सूर्य मधला, ५८०० च्या जवळ. वस्तू जितकी जास्त तापेल तितका तिच्या प्रकाशाचा भर निळ्याकडे सरकतो, हे जर्मनीच्या विल्हेल्म वीननी १८९३ साली मांडलं. ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषांवरून तापमान कसं काढायचं याचं सूत्र १९२० मध्ये आपल्या मेघनाद साहांनी दिलं." आणि मग माझ्या दिशेला अजिबात न बघता : "थोडक्यात, वरचा गीझर उलटा बसवलेला आहे." अंधार होता म्हणून बरं. माझा चेहरा त्या वेळी साधारण काक्षीच्या रंगाचा झाला असणार.

ही कसर कॅमेऱ्याने भरून काढायची मी ठरवलं. पन्नास मिलिमीटरची लेन्स लावली, कॅमेरा मृगावर रोखला. पण अंधारात त्या यंत्राला फोकस सापडेना. ते घरघर करत पुढे-मागे जाऊन थकलं. मग मी हाताने कडं फिरवलं, आणि पडद्यावर काय दिसावं! टिचभर ठिपक्यांऐवजी टपोऱ्या, गोल, रंगीत चकत्या. काक्षी किंचित नारिंगी, राजन्य निळा, आणि व्याध तर सगळ्यांत थोर. तारे एवढे मोठे साध्या कॅमेऱ्यातून कुणी पाहिले असतील? मी धपाधप फोटो काढले आणि मॅडमना बोलावून दाखवले.

"काका, फोकस गेलाय," त्या म्हणाल्या. "ही चकती ताऱ्याची नाही. तुमच्या लेन्सच्या भोकाची आहे."

चारचौघांत असं बोलल्यावर माणूस काय करणार? मी ते सगळे फोटो तिथल्या तिथे पुसून टाकले. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

मग त्यांनी मला नीट मार्गी लावलं. व्याध मोठा करून पडद्यावर आणायचा आणि तो लहानात लहान दिसेपर्यंत कडं फिरवायचं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे शटर फार वेळ उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरनी भागायचं, येतील तेवढीच सेकंदं. पन्नासला दहा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, चढवायचा. मी तो असेल तितका चढवला. "आणि शेवटी," त्या म्हणाल्या, "लेन्सचं झाकण लावून याच सेटिंगवर थोडे फोटो काढा. उपयोगी पडतात." झाकण लावून फोटो! ही गीझरची शिक्षा असणार, असं मला वाटलं. पण मुकाट्याने काढले. पहाटे दव इतकं पडलं की लेन्सवर हात फिरवला तर बोटं ओली व्हायला लागली, आणि मी सतरंजीत गुरफटून ताऱ्यांकडे पाठ करून झोपलो.

घरी आल्यावर प्रश्न पडला तो निवडीचा. शेकड्यांनी फोटो, सगळे काळे, सगळ्यांवर पांढरे ठिपके. मी शास्त्रीय पद्धत वापरली : फायली वजनाप्रमाणे लावल्या आणि सगळ्यांत जड ती उचलली. ज्यात तारे जास्त तीच फाइल जड असणार, हा माझा सिद्धान्त. ती निघाली सर्वांत चढ्या आयएसओची. मोठी करून इंच इंच तपासत गेलो, आणि बाणाच्या थोडं खाली मला तो दिसला.

हिरवा. पाचूच्या रंगाचा, टाचणीच्या टोकाएवढा, कडक. नकाशात त्या जागी काही नव्हतं. मी दुसरा फोटो उघडला, त्यातही होता. तिसऱ्यात होता. माझा हात थरथरायला लागला. पण खरा धक्का पुढेच होता. कॅमेरा ट्रायपॉडवर जागचा हलला नव्हता, त्यामुळे एकेक फोटो पुढे सरकावा तसतसा मृग पश्चिमेकडे सरकत होता, व्याध सरकत होता, सगळं आकाश सरकत होतं. माझा तारा मात्र त्या चौकटीत तसूभर हलला नव्हता.

न हलणारा तारा म्हणजे काय हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. बापाच्या मांडीवरून उठवलेल्या त्या राजपुत्राला अढळपद मिळालं, ही गोष्ट ऐकतच आपण मोठे होतो. मला दुसरा ध्रुव सापडला होता, आणि तोही ऐन मृगात.

घरच्यांच्या कानावर घातलं. "तुझं नाव देतो त्याला," मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "अहो, नको. उद्या विझला तर?" मेहुण्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा, की शोधाचे काही पैसे आले तर कॅमेऱ्याच्या मूळ मालकाचा त्यात वाटा धरतात का. मी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, हिरव्या ठिपक्याभोवती लाल वर्तुळ काढून.

पुढच्या तासाभरात हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, फुलं उधळणारे असे सगळे प्रकार आले. सेक्रेटरींनी लिहिलं की 'बी' विंगने सोसायटीचं नाव अवकाशात नेलं आहे, सबब २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार. खजिनदारांनी विचारलं, ज्यांचा मेंटेनन्स थकलेला आहे त्यांचा सत्कार नियमात बसतो का. तळमजल्यावरच्या एकांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की आपल्या सोसायटीचा तारा असल्यामुळे रिडेव्हलपमेंटला एफएसआय वाढवून मिळेल काय. एकूण लोकांनी विषय मनावर घेतला होता.

त्या भरात मी मॅडमना मूळ फाइल पाठवली. शास्त्रीय जगाची मान्यता ही आता केवळ औपचारिकता होती.

फोन त्यांनीच केला. "काका, आधी एक. हिरवा तारा नसतो."

"नसतो म्हणजे? लाल असतो, निळा असतो. मधल्या हिरव्यानेच काय घोडं मारलंय?"

"तारा एका रंगात जळत नाही. सगळे रंग एकदम देतो, एखाद्याचा भर जास्त. भर लालकडे असेल तर तारा तांबूस दिसतो, निळ्याकडे असेल तर निळसर. भर मधे, हिरव्याच्या आसपास असला, तर दोन्ही बाजूंचे लाल आणि निळेही त्यात भरपूर येतात, आणि सगळ्यांची बेरीज डोळ्याला पांढरी दिसते. आपल्या सूर्याचाच भर निळसर हिरव्यावर आहे. तुम्हाला सूर्य हिरवा दिसतो का?"

मी हार मानणाऱ्यांतला नव्हतो. "मग धूमकेतू असेल! २०२३ च्या जानेवारीत हिरवा धूमकेतू सगळ्या पेपरांत होता."

"होता. त्याच्या डोक्यात कार्बनच्या जोड-रेणूंचा वायू होता, त्याला तो हिरवा रंग. पण धूमकेतूही आकाशाबरोबर फिरतो, एका जागी बसत नाही. अहो, ध्रुव ताराही पुरता अढळ नाही; खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा लांब आहे, रोज लहानशी फेरी मारतो. तुमचा ठिपका तेवढीही मारत नाही." मग त्या जरा थांबल्या. त्यांना माझ्या बाजूनेही काहीतरी सापडावंसं वाटत असावं. "त्या भागात जागचे न हलणारे असतात ते भूस्थिर उपग्रह. विषुववृत्तावर सुमारे पस्तीस हजार आठशे किलोमीटरवर उभे, पृथ्वीबरोबर फिरतात, आणि आपल्याकडून बघितलं तर मृगाच्या बाणाच्या जरा खालच्या पट्ट्यातच येतात. पण ते फार अंधूक. तुमच्या लेन्सच्या आवाक्यात नाहीत." आणि मग शांतपणे : "झाकण लावून काढलेले फोटो आहेत ना? त्यातला एक उघडा."

मी उघडला. काळाकुट्ट. लेन्सवर झाकण, झाकणापलीकडे दव, दवापलीकडे सगळं विश्व. आणि त्या काळोखात, बाणाच्या थोडं खाली जिथे असायचा तिथेच, माझा तारा झळकत होता. झाकण लावूनसुद्धा. पाचूच्या रंगाचा. तो एकटाही नव्हता. डोळे सरावले तसे इकडे एक लाल, तिकडे दोन निळे, कडेला आणखी एक हिरवा असे भाऊबंद दिसायला लागले. मेहुण्याच्या जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात एक अख्खं नक्षत्र नांदत होतं.

"त्याला हॉट पिक्सेल म्हणतात," मॅडम म्हणाल्या. सेन्सरच्या दोन कोटी चाळीस लाख चौकोनांतले काही चौकोन गळके असतात. प्रकाश नसला तरी नुसत्या उष्णतेने त्यांच्यात विद्युतभार साठत जातो. शटर जितकं जास्त वेळ उघडं, आयएसओ जितका चढा आणि कॅमेरा जितका गरम, तितके ते जास्त उजळतात. कॅमेरा जुना झाला की त्यांची संख्याही वाढते. झाकणाचे फोटो याचसाठी काढायचे असतात : त्यात फक्त कॅमेऱ्याच्या खोड्या उतरतात, आणि त्या खऱ्या फोटोतून वजा करता येतात. माझ्या बाबतीत वजाबाकी केल्यावर शोधच उरत नव्हता.

"पण तो हिरवाच का?" मी विचारलं. बुडत्याला रंगाचा आधार.

इथे मला कळलं की कॅमेऱ्याला रंग दिसतच नाहीत. प्रत्येक चौकोन फक्त उजेड किती आला ते मोजतो. त्याच्यावर एक चिमुकली काच असते, लाल, हिरवी किंवा निळी, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आकड्यांवरून कॅमेरा उरलेल्या रंगांचा अंदाज बांधतो. ही मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची, १९७६ साली पेटंट मिळालेली. माणसाचा डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील म्हणून त्यांनी निम्म्या चौकोनांवर हिरवी काच ठेवली, आणि लाल-निळ्यांना पाव-पाव हिस्सा दिला. माझा गळका चौकोन हिरव्या काचेखालचा होता. म्हणजे गणित असं, की वरच्या आकाशात हिरवा तारा सापडण्याची शक्यता शून्य, आणि कॅमेऱ्यातल्या आकाशात तीच सगळ्यांत जास्त.

"आणि आकारावरून तर मला बघताक्षणीच समजलं," मॅडम म्हणाल्या. "मूळ फाइलमध्ये तुमचा तारा बरोबर एका चौकोनाचा आहे. खरा तारा एवढा नेमका कधी नसतो. वातावरणात प्रकाश थरथरतो, लेन्समध्ये पसरतो. तो नेहमी आजूबाजूच्या चौकोनांवर सांडतो."

मग त्यांनी मला तो हिशेब करायला लावला. माझ्या लेन्सवर एक पिक्सेल आकाशाचा जेवढा तुकडा व्यापतो तो सुमारे सोळा विकला; विकला हे कोन मोजायचं बारीक माप. काक्षी ही आकाशातल्या मोठ्या दिसणाऱ्या ताऱ्यांपैकी एक. तिचा व्यास १९२० च्या डिसेंबरात मायकेल्सन आणि पीझ यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटांची आडवी तुळई बसवून पहिल्यांदा मोजला, तो आला ०.०४७ विकला. म्हणजे ती अजस्र काक्षी माझ्या फोटोतल्या एका पिक्सेलच्या तीनशेव्या हिश्श्यातही मावते. आणि मी वांगणीला तिची बोराएवढी चकती बघून नाचलो होतो.

फोटोतल्या ठिपक्याचा आकार ताऱ्याचा नसतो. ठिपका एवढंच सांगतो की त्या ताऱ्याकडून आपल्यापर्यंत किती उजेड पोहोचला. ही बातमीही कमी नाही. हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया काचेच्या प्लेटांवरच्या ठिपक्यांचे आकार ताडून ताऱ्यांची तेजस्विता ठरवत असत. पण त्यावरून तारा थोर आहे असं म्हणायची सोय नाही. माझ्या फोटोत सगळ्यांत मोठा ठिपका व्याधाचा. तो सूर्याच्या जेमतेम पावणेदोन पट रुंद. मग एवढा दिमाख कशाचा? तर तो साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे अगदी शेजारी. सोसायटीच्या ग्रुपवर मी थोर शास्त्रज्ञ का वाटलो, याचं उत्तरही मला इथेच मिळालं.

खरा आकार काढायचा तर ठिपक्याला रंगाची जोड द्यावी लागते. रंगावरून तापमान कळतं, तापमानावरून प्रत्येक चौरस मीटर किती प्रकाश देतो ते कळतं. काक्षीसारख्या कोमट ताऱ्याचा चौरस मीटर सूर्याच्या सातव्या हिश्श्याइतकाच प्रकाश देतो. तरी ती पाचशेहून जास्त प्रकाशवर्षांवरून एवढी ठळक दिसते, याचा अर्थ तिच्याकडे चौरस मीटरच बेसुमार आहेत. सूर्याच्या जागी तिला आणून ठेवलं तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ तिच्या पोटात जातील. उलट बाजूचं उदाहरण व्याधाच्याच घरात आहे. त्याचा अंधूक जोडीदार १८६२ मध्ये अमेरिकेच्या अल्व्हन क्लार्कना दिसला. अंधूक म्हणजे थंड असेल, असं सगळे धरून चालले होते. १९१५ मध्ये वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी त्याचा वर्णपट घेतला तर तो पांढरा, कडक तापलेला! इतका गरम असून इतका मंद, तर एकच शक्यता : तो चिमुकला आहे. जवळपास पृथ्वीएवढा, आणि वस्तुमान मात्र सूर्याएवढं. तेजाला रंग जोडला नसता तर हा बुटका कधी कळलाच नसता.

हे सगळं ऐकून मी माझ्या फोटोंत रंग शोधायला बसलो. काक्षी पांढरी. राजन्य पांढरा. व्याध पांढरा. सगळे एका माळेचे मणी. मी पुन्हा फोन केला.

कारणं दोन निघाली, दोन्ही माझ्या हातची. एक म्हणजे कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स मी आदल्या आठवड्यातल्या सत्यनारायणापासून 'बल्ब'वर ठेवला होता. ते सेटिंग सुमारे ३२०० केल्विनचं; पिवळ्या दिव्याखाली सगळं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा निळा मिसळतो. त्या मेनूतले केल्विन आणि मॅडमचे ताऱ्यांचे केल्विन एकच असतात, हे मला तेव्हा उमगलं. साडेतीन हजारांची काक्षी आणि मांडवातला हॅलोजन यांच्यात फारसा फरक न करता कॅमेऱ्याने तिलाही धुऊन काढलं होतं. पण हे नंतर सुधारता येतं. दुसरं कारण सुधारण्यापलीकडचं. फोटोत प्रत्येक रंगाला शून्य ते २५५ अशा २५६ पायऱ्या. त्यांतून एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त रंग तयार होतात, पण २५५ च्या वर जिना संपतो. मी आयएसओ इतका चढवला होता की तेजस्वी ताऱ्यांचे लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे छताला टेकले. तिघे सारखे झाले की पांढरा.

"मग रंग येतो कसा?"

"प्रकाश थोडा पसरवायचा," त्या म्हणाल्या. "म्हणजे कुठलाच चौकोन छताला लागत नाही आणि ताऱ्याचा खरा रंग उतरतो. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी मृगाचा असाच प्रसिद्ध फोटो काढलाय. कॅमेरा स्थिर, तारे सरकतायत, आणि ते टप्प्याटप्प्याने फोकस बिघडवत गेले. प्रत्येक रेघ रुंद होत जाते आणि तिचा रंग खुलतो. तुम्ही पहिल्यांदा फोकस गेलेले फोटो काढले होते ना, नारिंगी-निळ्या चकत्यांचे? ते पाठवा. आकाराने खोटे असले तरी रंगाने तेच खरे."

ते मी पुसले होते हे त्यांना सांगायला मला जरा वेळ लागला.

जड फाइलीचाही निकाल त्याच फोनवर लागला. जेपेग पद्धत फोटोचे आठ बाय आठचे तुकडे पाडते आणि जे सलग, एकसारखं आहे ते थोडक्यात लिहून जागा वाचवते. आयएसओ चढवला की फोटोभर रंगीबेरंगी खरखर उठते, आणि खरखर थोडक्यात लिहिता येत नाही, कारण तिच्यात काही क्रमच नसतो. ज्या फाइलीचं वजन मी ताऱ्यांचं समजलो होतो, तिच्यात बहुतेक कचराच भरलेला होता.

ग्रुपवर खुलासा टाकला. हॉट पिक्सेल, बायर यांच्या काचा, भूस्थिर उपग्रह, सगळं मुद्देसूद. इतक्या लांब मजकुराचं आमच्या ग्रुपवर जे होतं तेच झालं : कुणी वाचला नाही, पण सगळ्यांनी अंगठा दाखवला. सेक्रेटरींनी मात्र उपग्रह एवढा एक शब्द टिपला. २६ तारखेला माझी ओळख 'इस्रोशी संबंधित' अशी करून देण्यात आली. मी माइकपाशी जाऊन खरं काय ते सांगायला लागलो तेव्हा लोक भारावून गेले. इतका मोठा माणूस, पण किती नम्र! शाल अंगावर पडली. नारळ खजिनदारांनी दिला, आणि देताना मेंटेनन्सची पावतीही दिली.

कॅमेऱ्याच्या मेनूत एक सोय आहे असं पुढे समजलं. ती चालू केली की गळके चौकोन शोधले जातात, आणि यापुढे त्यांचं काहीएक न ऐकता शेजाऱ्यांची सरासरी काढून तिथला रंग भरला जातो. आमच्या सोसायटीच्या सभेचं कामकाज असंच चालतं, त्यामुळे मला ते समजायला सोपं गेलं. बायकोने एकदा बटण दाबलं आणि पाचूपासून त्याच्या भाऊबंदांपर्यंत सगळे विझले. "नाव दिलं नव्हतं ते बरं झालं," ती म्हणाली.

मेहुण्याने परवा नवा कॅमेरा आणून दाखवला. सहा कोटी पिक्सेल. "दाजी, यात काय काय दिसेल!" असं तो म्हणाला, तेव्हा मी मनापासून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यातले निम्मे, म्हणजे तीन कोटी, हिरव्या काचेखालचे आहेत. शोधाला वाव भरपूर आहे. दोन वर्षांनी तो जुना झाला की कुणाच्या गळ्यात घालायचा हे त्याने ठरवलंही असेल. मी मात्र या वेळी आधी झाकण लावून बघणार आहे.